दहावं स्टूल

"आज तरी भेटेल ना ती?" जिना चढता चढताच मी विचारलं.

पठाण सर वरून खाली येत होते. मला पाहून पायरीवरच थबकले. हातात प्लास्टरची बादली, भुवयांवर पांढरी धूळ, आणि चेहरा असा, की नको तो पाहुणा नको त्या दिवशी दारात उभा राहिलाय.

"मॅडम, तुम्ही आज कामून आलात?"

"कामून म्हणजे? तुम्हीच म्हणालात ना, बुधवारी या, चंद्रकला नक्की असंल म्हणून!"

"म्हनलो असंन." त्यांनी बादली खाली ठेवली, परत उचलली. "आज विद्यापीठाची समिती यायलीय, मॅडम. तुमच्याशी बोलायला कुनालाच टाइम नाही. दुपारच्या गाडीनं परत गेलात तर बरं होईल."

मी परत जाणाऱ्यांतली नव्हते. पाहुणी म्हणून आले असते तर परत गेले असते, पण मी पदरमोड करून, पहाटेची पॅसेंजर पकडून, शेंगदाण्याच्या टरफलांवर बसून आले होते. "समितीचं होऊ द्या. मी कोपऱ्यात बसते," म्हणाले आणि त्यांना ओलांडून वर गेले.

त्या कॉलेजचं नाव सांगत नाही. परभणीकडचं एक तालुक्याचं गाव, तिथल्या लोखंडी सामानाच्या दुकानावरचा मजला. वर पत्रे, खाली गजांचा खणखणाट. तिथं खोटे दात करायला शिकवत. दातांचा डॉक्टर पेशंटच्या जबड्याचं माप घेतो, पण कवळी करतो दुसराच कुणीतरी, आणि त्या दुसऱ्या कुणाला तरी आता तीन वर्षांची पदवी मिळणार होती. पठाण सरांनी उभी हयात कवळ्या केल्या होत्या, म्हणून ते प्रात्यक्षिकं घेत.

माझा दातांशी संबंध स्वतःच्या दाढदुखीपुरता. मी शिक्षणशास्त्रातली. व्यवसाय शिक्षणाच्या कॉलेजांतून पोरं मधेच का गळतात, हा माझा पीएच.डी.चा विषय. पुढं सगळी नोकरी मी याच विषयावर केली. समित्यांवर बसले, अहवाल लिहिले, आणि या विषयावर कुणी मला भाषणाला बोलावलं की अजूनही जाते. पण त्या वर्षी माझी शिष्यवृत्ती संपत आली होती आणि हाती काहीही नव्हतं. जिथं जावं तिथं गळती, आणि कारणंही तीच: एसटी वेळेवर नाही, लग्न ठरलं, कुठं तरी काम मिळालं. माझे मार्गदर्शक बर्दापूरकर सर एके दिवशी चहाचा कप आपटून म्हणाले, "पोरं का जातात हे माझ्या शिपायालाही ठाऊक आहे, बाई. का राहतात ते सांगा. नाहीतर हा प्रबंध मी पुढं पाठवत नाही."

आणि राहत होती ती फक्त इथं. पहिल्या वर्षी इथूनही भराभर पोरं गेली. दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीपर्यंत दहा उरली. आणि दिवाळीनंतर अचानक सगळं थांबलं. एकही गेलं नाही. नुसतं गेलं नाही एवढंच नव्हे, एकही एक दिवससुद्धा घरी बसलं नाही! ताप असो, सण असो, वरात असो, दहाच्या दहा हजर. मला दुसऱ्या कुठल्याच कॉलेजात असं काही दिसलं नव्हतं.

मी खेपा घालून नऊ जणांशी बोलले. रोज का येता, असं विचारलं की सगळे एप्रनमध्ये तोंड खुपसून हसत आणि म्हणत, "आवड हाय, मॅडम." आवडीवर प्रबंध होत नाही. राहिली होती फक्त दहावी, चंद्रकला दुधाटे. हजेरीत सगळ्यांत पुढं, काम सगळ्यांत सुबक, पण मी गेले की नेमकी नसायची. कधी बँकेत, कधी बहिणीकडं, कधी नुकतीच डोकं दुखतंय म्हणून खोलीवर गेलेली. जे उत्तर मला कुणी देत नव्हतं ते हिच्याकडं असणार, अशी माझी खात्रीच झाली होती.

वर प्रयोगशाळेत लांबलचक टेबल, त्यावर स्पिरिटचे दिवे, मेणाच्या वड्या, प्लास्टरचे जबडे. दहा स्टुलं. नऊ भरलेली. मला पाहताच नऊच्या नऊ पोरांचे हात थांबले.

"चंद्रकला कुठाय?" मी विचारलं.

फिरोज नावाचा एक उंचाडा पोरगा होता, गॅरेजातली नोकरी सोडून आलेला. त्यानं खाली पाहिलं. शेवटी कालिंदा उठली.

कालिंदा रेंगे त्यांच्यात वयानं मोठी, पंचविशीची. नवऱ्याच्या मारातून सुटून लेकीला घेऊन माहेरी आलेली. भावानं तिला शिकायला पाठवलं होतं, पण अट घालून. ती अट तिनं मला पहिल्याच भेटीत सांगितली होती, अगदी सहज, भाजीत काय घातलं ते सांगावं तशी: कॉलेज आहे तोवर माहेर, कॉलेज सुटलं की परत नांदायला. तिच्या डाव्या कानाला ऐकू कमी येतं, ते त्या नांदण्यामुळंच.

"मॅडम, बसा," ती म्हणाली.

"बसत नाही. चंद्रकला कुठाय?"

"गेली ती."

"कुठं गेली?"

"वारली, मॅडम. दिवाळीत. कावीळ झालती."

मी बसले. समोरच्या टेबलावर चंद्रकलाचा मेणाचा जबडा होता, तिच्या नावाच्या चिठ्ठीसकट. गेल्या महिन्यात नव्हते असे चार नवीन दात त्यात बसलेले होते. मेलेली पोरगी दात कोरत होती!

"मग हे कोण करतंय?" माझा आवाज चिरकला. "हजेरी कोण देतंय? परवा प्राचार्यांनी सांगितलं मला, शंभर टक्के हजेरी म्हणून!"

"आम्हीच," फिरोज म्हणाला.

मग तुकड्यातुकड्यानं सगळं बाहेर आलं. विद्यापीठाचा नियम होता, वर्गात दहाच्या खाली पोरं गेली की मान्यता गेली. मान्यता गेली म्हणजे अर्धवट शिकलेली पोरं घरी, कारण हा विषय शिकवणारं दुसरं कॉलेज त्यांच्या आवाक्यात कुठंच नव्हतं. चंद्रकला गेली आणि नऊ उरली. तेराव्यानंतर तिची आई पेटी न्यायला आली. तिला नियमबियम काही माहीत नव्हतं. पेटी उचलताना ती नुसतं एवढंच म्हणाली, "बाबांनो, तिचं नाव तेवढं कमी करू नका. शाळेनं दोनदा कमी केलतं, दोन्ही बाऱ्या मी मास्तरच्या पाया पडून परत घालायला लावलं." आणि एप्रन मागं ठेवून गेली.

"आम्ही हो म्हनलो," कालिंदा म्हणाली. "आईला हो म्हनलो तवा नियमाचं डोक्यात नव्हतं. दुसऱ्या दिवशी आलं."

"आणि पठाण सर?"

"सरच तर पहिल्या दिवशी तिची हजेरी बोलले. आम्ही सगळे गप होतो."

मला राग आला. खोटं सांगत नाही, दुःख नंतर झालं, आधी राग आला. माझा प्रबंध, माझं एकुलतं एक न गळणारं कॉलेज, माझे एवढे हेलपाटे, आणि मुळात सगळं खोटं. नऊ पोरांनी मला महिनोन्‌महिने मूर्खात काढलं होतं. बर्दापूरकर सरांचा चहाचा कप डोळ्यांपुढं आला.

"मला कशाला बोलावत होता मग परत परत?"

"तुम्हीच येत होता, मॅडम," मागून कुणीतरी हळूच म्हणालं. ते खरंच होतं.

तेवढ्यात पठाण सर धापा टाकत वर आले. बादली तशीच हातात. "कालिंदा, तुझी मावसबहीण?"

"नाही येत म्हनली, सर. तिच्या सासऱ्याला कळलं. यष्टीत बसूच दिलं नाही."

सरांनी बादली ठेवली आणि भिंतीला टेकले. मला आता सगळा डाव समजला. रोजची हजेरी ऑफिसातला कारकून दारात उभा राहून, मान वर न करता घ्यायचा. त्याला फसवता येत होतं. पण आज समिती प्रत्येक स्टुलापुढं थांबणार होती. म्हणून आजच्या दिवसापुरती चंद्रकला होऊन बसायला कालिंदाची मावसबहीण येणार होती. तीच आली नव्हती.

खाली जीपचा हॉर्न वाजला. प्राचार्य गव्हाणे सरांचा, पाहुण्यांपुढं लागणारा खास आवाज जिन्यातून वर येऊ लागला.

कालिंदानं माझ्याकडं पाहिलं. मग तिनं खुंटीवरचा एप्रन काढला. खिशावर लाल दोऱ्यानं चंद्रकलाचं नाव भरलेलं होतं.

"मॅडम, हात वर करा."

"वेडी झालीस का?"

"तुम्हाला समितीतलं कुनी वळखत नाही. तुम्ही दिसायला बारीक हाव. मास्क लावला की झालं."

"अगं, मी संशोधक आहे! मला हे..."

"मॅडम, माझा दादा संध्याकाळी फोन करनार हाय. कॉलेज राहिलं का गेलं, तेवढंच विचारनार हाय." तिचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. "गेलं म्हनले तर उद्या सकाळी गाडी घेऊन येईल. मला न्यायला. तिकडं सोडायला."

तिच्या मागं आठ जण उभे होते. पठाण सरांनी तोंड भिंतीकडं फिरवलं होतं. मी हात वर केले.

का केले, हे मला अनेकांनी विचारलं असतं, मी कुणाला सांगितलं असतं तर. कालिंदासाठी केले हे खरं. पण कॉलेज बंद पडलं तर माझ्या प्रबंधातला तो एकमेव धडाही बंद पडणार होता, हेही खरं. दोन्हींतलं आधी काय डोक्यात आलं ते मला ठाऊक नाही आणि मला त्याची लाजही वाटत नाही. बुडणारा माणूस दोराचा रंग बघत नाही.

एप्रनला मेणाचा आणि कुठल्यातरी स्वस्त पावडरीचा वास होता. मी दहाव्या स्टुलावर बसले. फिरोजनं माझ्या पुढं दिवा पेटवून ठेवला आणि हातात कोरणी दिली. "नुसती धरा, मॅडम. मेणाला लावू नका. ते मोडलं तर जिवाला लागंल."

समितीत दोघं होते. एक विद्यापीठाचा अधिकारी, तो सारखा घाम पुसत होता, आणि दुसरे शहरातल्या दंत महाविद्यालयातले डॉ. निळेकर. साठीचे, सडपातळ, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. गव्हाणे सर पुढं चालत होते. चंद्रकला गेलेली त्यांना माहीत नव्हती असं नाही, त्यांनी माहीत करून घेतलं नव्हतं. त्यांची नजर रांगेवरून फिरत माझ्यापर्यंत आली. त्यांनी मला ओळखलं. मला त्यांनीच तर स्वतःच्या खोलीत बसवून दोनदा पोहे खिलवले होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला, मग तांबडा झाला, आणि मग ते घसा खाकरून म्हणाले, "आणि या आमच्या चंद्रकला दुधाटे. अत्यंत हुशार."

अधिकाऱ्यानं बोटानं स्टुलं मोजली. "दहा," तो म्हणाला आणि दाराकडं वळला. त्याला पंख्याखाली जायचं होतं. माझ्या शेजारी कालिंदानं रोखलेला श्वास सोडल्याचं मला ऐकू आलं.

पण निळेकर वळले नाहीत. त्यांना दात बघायचे होते. ते एकेका स्टुलापाशी थांबत, जबडा उचलत, उजेडाकडं धरत, काहीबाही विचारत. पोरं उत्तरं चांगली देत होती. फिरोजला तर ते 'वा' म्हणाले. असं करत करत माझ्यापाशी आले आणि चंद्रकलाचा जबडा उचलला.

बराच वेळ ते बोटाच्या टोकानं एकेक दात चाचपत होते.

"गंमत आहे," ते म्हणाले. "पटाशीचे दोन दात दोन निरनिराळ्या माणसांचे वाटतात. दाढ तिसऱ्याची." मग त्यांचं बोट उजव्या सुळ्यावर थांबलं. "आणि हा सुळा..." त्यांनी चष्मा वर सरकवला. "हा तुम्ही कोरलात?"

मी मान हलवली. तो सुळा चंद्रकलानं दिवाळीच्या सुट्टीला जायच्या आधी कोरलेला होता, हे मला नंतर कळलं. तिच्या हातचा तेवढा एकच दात त्या जबड्यात होता. बाकीचे सगळे या नऊ जणांनी त्याच्या आजूबाजूला बसवले होते.

"फार सुंदर कोरलाय. मी एवढी वर्षं शिकवतोय, असा हात मी फारसा बघितला नाही." ते खरंच खूश झाले होते. तीच तर पंचाईत झाली. "डावा सुळा राहिलाय अजून. तो माझ्यासमोर कोरा बरं. घाई नाही. मला हात बघायचाय तुमचा."

"सर, तिला जरा बरं नाही," पठाण सर म्हणाले.

"थोडासाच. नुसता आकार काढला तरी पुरे."

मी मेणाची वडी घेतली. कोरणी दिव्यावर धरायची असते एवढं मी पाहिलं होतं, किती वेळ ते पाहिलं नव्हतं. तापलेली कोरणी मेणात लोण्यासारखी घुसली आणि अर्धी वडी वाहून माझ्या बोटांवर आली. चटका बसला, पण मी ओरडले नाही. पुन्हा लावली. आता कोरणी गार झाली होती, आणि मेणाचा टवका उडून निळेकरांच्या बुटावर पडला. टेबलाच्या दोन्ही बाजूंना नऊ पोरं श्वास धरून उभी होती. सगळ्यांना ते येत होतं. त्यांच्यातल्या कुणीही डोळे मिटून तो दात कोरला असता. येत नव्हतं ते फक्त मला.

मी आयुष्यात परीक्षेत नापास झाले नव्हते. त्या दिवशी दुसऱ्याच्या नावावर झाले.

निळेकरांनी माझ्या हातातून कोरणी काढून घेतली, हळूच, लहान मुलाच्या हातातून सुरी घ्यावी तशी. "तुमचं नाव काय?"

मी मास्क खाली ओढला. "चंद्रकला दुधाटे," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते!

"ती कुठं आहे?"

कालिंदा म्हणाली, "वारली, सर. दिवाळीत."

त्यांनी तो जबडा पुन्हा उचलला. उजव्या सुळ्याकडं पाहिलं, मग आजूबाजूच्या दातांकडं, मग रांगेतल्या एकेका चेहऱ्याकडं. त्यांना सगळं समजलं. मला वाटलं, हा माणूस आता दहा लिहील. मला अगदी नक्की वाटलं. कालिंदाला तर वाटलंच, कारण तिनं हात जोडले.

"मला लिहिता येणार नाही," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते, आणि त्याचा कुणाला काडीचा उपयोग नव्हता. "बाळांनो, उद्या माणसांच्या तोंडात तुमचं काम जाणार. मी पहिलीच सही खोट्यावर कशी करू?"

त्यांनी जबडा जपून टेबलावर ठेवला आणि अधिकाऱ्याला नऊ सांगितलं.

तासाभरात गव्हाणे सर एकटेच वर आले. माझ्याशी ते बोलले नाहीत. वर्ग आजपासून बंद, असं पोरांना सांगितलं, आणि खालच्या दुकानदाराला हा मजला गोदामासाठी हवाच होता, असंही सांगून टाकलं. पोरांनी आपापले जबडे फडक्यात बांधले. फिरोजनं स्टुलाला लाथ मारली, मग तेच स्टूल उचलून सरळ उभं केलं. कुणी मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी कालिंदाच्या भावाचा फोन आला. तिनं चांगला कान लावून ऐकलं आणि म्हणाली, "गेलं, दादा." बस्स, एवढंच बोलली. मी म्हणाले, माझ्याबरोबर चल, मी काहीतरी करते. तिनं विचारलं, "काय करता, मॅडम?" माझं स्वतःचंच उद्या काय, ते मला माहीत नव्हतं. बोटांवर फोड आले होते. तिनंच त्यांना तूप लावलं आणि मला आपल्या खोलीवर ठेवून घेतलं.

सकाळी उठले तेव्हा ती खोलीत नव्हती. तिची पेटी बांधलेली दाराशी होती. मला वाटलं, भाऊ लवकर आला असेल, पेटी न्यायला परत येतील. मी पिशवी उचलली आणि स्टेशनची वाट धरली. वाट कॉलेजवरूनच जाते.

लोखंडाच्या दुकानाबाहेर एक मोटरसायकल उभी होती, आणि तिच्यावर कालिंदाच्या नाकाचा एक माणूस. त्यानं वर पाहून हॉर्न वाजवला. मीही वर पाहिलं.

जिन्यावर पोरं बसली होती. वरच्या दाराला भलंमोठं कुलूप, आणि त्याच्याखाली पायऱ्यांवर ती सगळी, एप्रन घालून, मांडीवर फडक्यात बांधलेले जबडे. सगळी. नेहमीच्या वेळेला. पठाण सर सर्वांत खालच्या पायरीवर बादली घेऊन बसले होते.

"हे काय?" मी त्यांना विचारलं.

"मलाही तेच विचारायचंय," ते म्हणाले. "मी कुलूप बघायला आलो, तर ही बसलेली. म्हनलं, बसलीच हायेत तर दुकानात घेऊन जातो. माझं दुकान येवढंसं, पन मावतील. डिग्री मिळंल न मिळंल, अर्ज करत राहू."

मी वर गेले आणि कालिंदाच्या शेजारी टेकले. माझा राग, माझा प्रबंध, सगळं मावळलं होतं. मला खरंच कळत नव्हतं, म्हणून मी पुन्हा एकदा तोच प्रश्न विचारला. त्या दिवशी तो पहिल्यांदा प्रश्नावलीतला नव्हता.

"का आलात गं?"

या खेपेला ती हसली नाही.

"मॅडम, आता लपवायचं काय राहिलंय! दिवाळीनंतर आम्ही नंबर लावले व्हते. रोज एकानं चंद्रकला व्हायचं. तिची हजेरी बोलायची, तिचा दात कोरायचा, मग आपला. ज्याचा नंबर त्याला घरी बसता येईना. आन ज्याचा नंबर नाही, त्यालाबी येईना."

"त्याला का नाही?"

"बघा ना. एक स्टूल रिकामं दिसलं तर कारकुनाला सांगता येतं, पानी प्यायला गेली. दोन रिकामी दिसली तर कोन मानंल?" तिनं मांडीवरच्या फडक्याची गाठ घट्ट केली. "म्हनून कुनी गेलंच नाही. दोन बाऱ्या मी निघाले व्हते, पेटी भरून. फिरोज तर एकदा स्टेशनवरून परत आला. मी गेले तर दुसरं स्टूल रिकामं व्हईल, येवढंच डोक्यात यायचं."

बर्दापूरकर सरांना हवं होतं ते उत्तर माझ्या पुढ्यात होतं, आणि ते कुठल्याच तक्त्यात बसणारं नव्हतं. या पोरांना कॉलेजनं धरून ठेवलं नव्हतं, आवडीनं नव्हतं, विद्यापीठानं तर नव्हतंच. एका मेलेल्या पोरीच्या रिकाम्या स्टुलानं धरून ठेवलं होतं.

खाली पुन्हा हॉर्न वाजला, आता लांबलचक. "कालिंदे! चल म्हनलं ना! कुलूप दिसंना का तुला?"

ती उठून उभी राहिली. मला वाटलं, निघाली.

"दादा, थांबायचं तर थांब, नाहीतर जा," ती वरूनच म्हणाली. "लेकीला सांग, आई शनिवारी येतीय. मी इथून उठले तर दोन व्हतेत."

"काय दोन व्हतेत?" भाऊ ओरडला.

पाठ वळवून ती वरच्या पायरीवर गेली, कुलपाला टेकून उभी राहिली आणि हातात कागद नसताना, पाठ असलेली हजेरी घ्यायला लागली. फिरोज शेख. हजर. महानंदा गरुड. हजर. एकेक नाव पायऱ्या उतरत खाली येत होतं. स्वतःचं नाव तिनं स्वतःच घेतलं आणि स्वतःच हजर म्हणाली. खाली मोटरसायकल बंद झाली. भाऊ गेला नव्हता. टाकीवर कोपर टेकून वर बघत होता.

"चंद्रकला दुधाटे."

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. काल सगळं मोडलं होतं आणि त्या गडबडीत आजचा नंबर कुणाचा, हेच कुणी ठरवलं नव्हतं.

"चंद्रकला दुधाटे," कालिंदानं पुन्हा म्हटलं. या वेळी तिचा आवाज फुटला.

"हजर," मी म्हणाले.

कालिंदानं मान वर न करता पुढचं नाव घेतलं.